एका टोपीवर दोन नावं येतात तेव्हा

१९९६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क यँकीज हा संघ बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, पोचला होता. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली हे या संघाचे जुने चाहते. सामन्याला घालून जायला त्यांना यँकीजची टोपी हवी होती, पण लाल रंगाची. यँकीजचा रंग गडद निळा, म्हणून टोपीही गडद निळी, हे पक्कं ठरलेलं होतं. दुकानात लाल टोपी मागून मिळण्यासारखी नव्हती. ली यांनी टोप्या बनवणाऱ्या न्यू एरा कंपनीला थेट फोन केला. संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांचा होकार मिळाला आणि कंपनीने लाल कापडावर पांढऱ्या धाग्यात यँकीजची अक्षरं भरून टोपी तयार केली. सामन्यांच्या प्रक्षेपणात ती लोकांनी पाहिली आणि तशीच टोपी मागणाऱ्यांची रीघ लागली. आज यँकीजची टोपी तपकिरी, गुलाबी, शेवाळी अशा वाटेल त्या रंगात दिसते, त्या वाटेवरचं हे पहिलं मोठं पाऊल मानलं जातं.

स्ट्रीटवेअरचे ब्रँड आणि जुन्या क्रीडा-कंपन्या मिळून ज्या टोप्या काढतात, त्यांचा सगळा व्यवहार या एका फोनमध्ये सापडतो. एकाला काय हवं ते नेमकं दिसत होतं, पण त्याच्याकडे कारखाना नव्हता. दुसऱ्याकडे कारखाना होता, पण टोपीवरचं चिन्ह त्याच्या मालकीचं नव्हतं. चिन्ह तिसऱ्याच्या हातात होतं, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय सुईत धागा ओवता येत नव्हता. टोपीवर दोन नावं झळकतात, व्यवहार मात्र किमान तिघांचा असतो, पुष्कळदा चौघांचा. हे कोण कोण असतात आणि प्रत्येक जण काय आणतो, हे कळलं की अमुक टोपी अमुक कंपनीनेच का बनवली, ती इतकी महाग का, आणि तिच्यात खरोखर काही नवीन आहे का, या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपली आपल्याला मिळतात.

आधी स्ट्रीटवेअर म्हणजे कोणते कपडे ते थोडक्यात सांगतो. सर्फिंग, स्केटबोर्ड आणि हिपहॉप या तीन जगांतून ते पुढे आले. कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचला शॉन स्टूसी हे सर्फबोर्ड घडवायचे आणि त्यावर स्वतःची झोकदार सही करायचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तीच सही टीशर्ट आणि टोप्यांवर आली. १९९४ मध्ये जेम्स जेबिया यांनी न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर स्केटबोर्डवाल्यांसाठी सुप्रीम नावाचं दुकान काढलं. अशा दुकानांकडे सुरुवातीला स्वतःचे कारखाने नव्हते आणि बहुतेकांकडे आजही नाहीत. त्यांच्याकडे गिऱ्हाइकाची अचूक जाण असते. टोपी शिवणारा त्यांना बाहेरच शोधावा लागतो.

चिन्हाचा मालक

यँकीजच्या टोपीवरची एकमेकांत गुंतलेली एन आणि वाय ही अक्षरं मुळात बेसबॉलसाठी काढलेली नव्हती. टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने १८७७ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या एका शौर्यपदकासाठी अशी रचना केली होती. संघाने ती १९०९ मध्ये उचलली. आज हे चिन्ह नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. ट्रेडमार्क म्हणजे विशिष्ट वस्तूंवर विशिष्ट चिन्ह वापरण्याचा कायदेशीर हक्क. तो हक्क दुसऱ्याला ठरावीक काळासाठी, ठरावीक वस्तूंसाठी आणि ठरावीक मोबदल्यात वापरायला देणं म्हणजे लायसन्स.

अमेरिकी बेसबॉलमध्ये संघांच्या चिन्हांचा हा व्यवहार लीगची एक शाखा एकत्रितपणे पाहते. त्यामुळे टोप्यांवरच्या मानधनाचा मोठा हिस्सा एकाच संघाच्या तिजोरीत न जाता सर्व संघांत वाटला जातो. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात यँकीजची टोपी विकली गेली, तरी तिचा लाभ यँकीजच्या प्रतिस्पर्ध्यांनाही होतो.

आता न्यू एराकडे येऊ. ही कंपनी १९२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात सुरू झाली. तेव्हा ती सभ्य गृहस्थांच्या रोजच्या टोप्या बनवत असे. १९३४ मध्ये तिने क्लीव्हलँडच्या संघासाठी बेसबॉलची पहिली टोपी केली, १९५४ मध्ये ५९५० या मॉडेल क्रमांकाची, म्हणजे ५९फिफ्टी, टोपी आणली, आणि १९९३ मध्ये मेजर लीग या अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या मैदानावर घालायच्या टोप्यांचा एकमेव पुरवठादार होण्याचा करार मिळवला. इतक्या वर्षांच्या या वाटचालीचा अर्थ स्ट्रीटवेअर ब्रँडसाठी अगदी व्यवहारी आहे. खेळाडू घालतात तशीच टोपी, तेच चिन्ह आणि शेजारी स्वतःचं नाव हवं असेल, तर न्यू एराचं दार ठोठावावं लागतं. न्यूयॉर्कच्या किथ आणि एमे लिऑन डोर या दोन्ही ब्रँडनी यँकीजच्या टोप्या केल्या त्या न्यू एराबरोबरच.

मैदानाबाहेरच्या टोप्यांना मात्र आणखी वाटा आहेत. इटलीहून बॉस्टनला आलेल्या दोन जुळ्या भावांनी १९४७ मध्ये फेनवे पार्क मैदानाबाहेर सामन्यांच्या वस्तू विकायला सुरुवात केली. त्यातून आजची फॉर्टीसेव्हन ही कंपनी उभी राहिली. सुप्रीमने २०१५ मध्ये यँकीजबरोबर कपडे काढले तेव्हा तिसरा भागीदार हीच कंपनी होती. एकाच संघाचं चिन्ह दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या टोप्यांवर रीतसर दिसू शकतं, ते असं.

हा हक्क किती मोलाचा आहे, हे एका खटल्याने दाखवून दिलं. त्याची माहिती टोपी घालणाऱ्या प्रत्येकाला असावी असं मला वाटतं, कारण टोप्यांवरून एखादा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणं रोज घडत नाही. अमेरिकन नीडल ही शिकागो परिसरातली, १९१८ पासूनची टोप्यांची कंपनी. अमेरिकी फुटबॉलच्या संघांच्या टोप्या ती अनेक वर्षं लायसन्स घेऊन बनवत होती. २००० साली नॅशनल फुटबॉल लीगच्या संघांनी ठरवलं की टोप्यांचं लायसन्स एकाच कंपनीला द्यायचं. सगळ्या ३२ संघांच्या टोप्यांचा १० वर्षांचा एकमेव करार रीबॉककडे गेला आणि अमेरिकन नीडलचं लायसन्स पुढे वाढवलं गेलं नाही. कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं की संघ हे स्वतंत्र व्यवसाय आहेत, आणि त्यांनी एकत्र येऊन बाजार एकाच्या हाती दिला तर तो स्पर्धाविरोधी कट ठरतो. लीग म्हणत होती, आम्ही सगळे मिळून एकच संस्था आहोत आणि संस्था स्वतःशी कट करू शकत नाही. खालच्या न्यायालयांनी लीगचं म्हणणं मानलं. २४ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फिरवलं. चिन्हांचं लायसन्स देताना प्रत्येक संघ हा वेगळा आर्थिक निर्णय घेणारा घटक आहे, त्यामुळे असे सामाईक करार स्पर्धा कायद्याच्या कसोटीवर तपासता येतील, असं न्यायालय म्हणालं. असे करार सरसकट बेकायदा ठरले असं मात्र नाही. ते तपासणीच्या कक्षेत आले, इतकंच. पुढे २०१५ मध्ये उरलेला वाद तडजोडीने मिटला.

एकमेव करार कुणाकडे आहे, यावरून बाजारात कोणत्या टोप्या येऊ शकतात हे आधीच ठरून जातं. स्ट्रीटवेअरचा डिझायनर कितीही कल्पक असला तरी त्याला या चौकटीतच काम करावं लागतं.

दहा मापांचा प्रश्न

चिन्ह नसलेली साधी टोपी तरी ब्रँडने स्वतः बनवून घ्यावी ना? घेतात. स्केटबोर्डवाल्यांची पाच फाकांची, म्हणजे कापडाच्या पाच तुकड्यांची, कॅम्प कॅप हा त्याचाच नमुना. पुढे एक सपाट रुंद फाक, मागे पट्टा आणि बकल. पट्टा सैल किंवा घट्ट केला की बहुतेक डोक्यांना ती बसते. माप एकच, त्यामुळे थोड्या संख्येत शिवून घेता येते.

न्यू एराच्या ५९फिफ्टीची गोष्ट वेगळी. तिला मागे पट्टा नाही, ती पूर्ण बंद असते आणि डोक्याच्या नेमक्या मापाचीच घ्यावी लागते. हे माप इंचात, आठव्या भागाच्या अंतराने वाढतं. डोक्याचा इंचातला घेर पाय (π, सुमारे ३.१४) या संख्येने भागला की साधारण हा आकडा मिळतो. ७ ३/८ मापाची टोपी सुमारे ५८.७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला बसते, आणि शेजारच्या दोन मापांमध्ये घेराचा फरक असतो जेमतेम १ सेंटिमीटर. ६ ७/८ पासून ८ पर्यंत मापं मोजली तर दहा होतात. सहा रंगांत टोपी काढायची म्हणजे साठ वेगवेगळे नग. प्रत्येकाचा अंदाज आधी बांधायचा, प्रत्येकाचा साठा ठेवायचा, आणि शेवटी टोकाची मापं शिल्लक राहायची भीती. १ सेंटिमीटरच्या फरकात चूक होऊन चालत नाही, म्हणून टोपीला वाफेवर आकार देणारे साचे, फाका कापण्याचे ठसे आणि सरावलेले हात लागतात. एखाद्या लहान ब्रँडने हे सगळं स्वतः उभारायचं ठरवलं तर पहिली टोपी विकायच्या आधीच पैसे संपतील. न्यू एराकडे हे सगळं आधीपासून आहे. फक्त कापडाचा रंग आणि भरतकाम बदलायचं असतं.

फक्त म्हटलं खरं, पण तिथेही कसब लागतं. ५९फिफ्टीच्या सहा फाकांपैकी पुढच्या दोन फाकांच्या मागे बकरम हे ताठ अस्तर असतं, म्हणून टोपीचं कपाळ उभं राहतं. त्यावरचं चिन्ह उठावदार असतं, आणि तो उठाव टाक्यांच्या थरांतून आणावा लागतो. टाके कोणत्या दिशेने पडणार, कुठे दाट आणि कुठे विरळ, याची संगणकावर आधी मांडणी करतात. कागदावर सुबक दिसणारी बारीक रेघ धाग्यात उतरवली की फुगते किंवा बुजून जाते. म्हणून डिझायनरने पाठवलेलं चित्र आणि प्रत्यक्ष टोपीवरचं चिन्ह यांच्यामध्ये कारखान्यातल्या माणसाचा निर्णय असतो. पुढे आलेल्या पानावर शिलाईच्या आठ ओळी असतात. त्या एकमेकींपासून समान अंतरावर आहेत का, हे मी पहिल्यांदा पाहतो. टोपी कशी शिवली आहे याचा अंदाज तिथे लगेच येतो.

जुन्या टोप्यांत आणखी एक गंमत आहे, आणि चांगले डिझायनर तिचा उपयोग करतात. पानाच्या खालच्या बाजूचा रंग पूर्वी हिरवा असे. १९९० च्या दशकात तो करडा झाला. २००७ मध्ये मेजर लीगने मैदानावरच्या टोपीसाठी लोकरीऐवजी घाम शोषून लवकर वाळणारं पॉलिस्टर स्वीकारलं, तेव्हा तो काळा झाला. यामुळे एखाद्या कोलॅबरेशनमध्ये, म्हणजे दोन ब्रँडच्या भागीदारीत, लोकरी कापड आणि हिरवं पान दिसलं, तर जाणकाराला कोणता काळ डोळ्यासमोर आणायचा आहे ते लगेच कळतं. एक अक्षरही न लिहिता टोपी बोलते. मला अशा टोप्या मनापासून आवडतात, कारण तिथे डिझायनरने कारखान्याचा इतिहास वाचलेला असतो.

सिअ‍ॅटलच्या एबेट्स फील्ड फ्लॅनल्सने हीच गोष्ट आणखी पुढे नेली. जेरी कोहेन यांनी १९८८ मध्ये ती सुरू केली. बंद पडलेले छोटे संघ आणि कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग यांचे जुने पोशाख ती लोकरी फ्लॅनलमध्ये पुन्हा बनवू लागली. तिच्या टोपीला बकरम नसतं, कपाळ मऊ असतं आणि ती डोक्यावर बसता बसता घालणाऱ्याच्या आकाराची होते. मोठ्या लीगचं चिन्ह नसतानाही एखादी टोपी इतिहासाने भरलेली असू शकते, हे या कंपनीने दाखवलं.

कांगारूवाली टोपी

काही वेळा भागीदारीच्या आधीच रस्त्यावरच्या लोकांनी टोपी आपलीशी केलेली असते. कँगोल हे त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. पोलंडहून इंग्लंडला आलेले याकोब स्प्रेरेगेन यांनी १९३८ मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या क्लीटर गावी ती सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात तिने ब्रिटिश सैन्यासाठी बेरे टोप्या पुरवल्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश संघाच्या डोक्यावर कँगोलच्या बेरे होत्या. युद्धानंतर गोल्फ खेळणारे मध्यमवयीन लोक हे तिचं गिऱ्हाईक बनलं.

मग १९८० चं दशक आलं. न्यूयॉर्कचे रॅपर, विशेषतः एलएल कूल जे, कँगोलच्या मऊ बकेट हॅट घालून दिसू लागले. कंपनीने त्यांना बोलावलं नव्हतं. अमेरिकेतले लोक दुकानात जाऊन कांगारूवाली टोपी कुठे मिळेल असं विचारू लागले, आणि कंपनीने १९८३ मध्ये खरोखरच कांगारूचं चित्र चिन्ह म्हणून घेतलं. पुढची चाळीस वर्षं त्या कांगारूच्या जिवावर उभी आहेत, आणि तो कांगारू रस्त्यावरच्या तरुणांच्या तोंडून आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. सुप्रीमने नंतर कँगोलबरोबर टोप्या काढल्या, पण त्या टोपीला रस्त्यावर मान मिळवून देणारे लोक आधीच होऊन गेले होते आणि त्यांना त्यासाठी कुणी काही दिलं नव्हतं.

त्यांना मोबदला मिळायला सुरुवात झाली ती बुटांपासून. १९८६ च्या उन्हाळ्यात रन-डीएमसी या त्रिकुटाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमात श्रोत्यांना बूट वर धरायला सांगितलं आणि हजारो आदिदास हवेत गेले. आदिदासचे अधिकारी तिथे हजर होते. त्यानंतर झालेला सुमारे १० लाख डॉलरचा करार हा क्रीडा-कंपनीने खेळाडू नसलेल्यांशी केलेल्या पहिल्या मोठ्या करारांपैकी एक होता. आजच्या सगळ्या कोलॅबरेशनचं बीज तिथे आहे.

कँगोलची पुढची कहाणी व्यवहार समजून घ्यायला फार उपयोगी आहे. क्लीटरचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. ब्रँडचं नाव एका ब्रिटिश क्रीडा-विक्रेत्या समूहाच्या मालकीचं आहे, तर टोप्या बनवण्याचं लायसन्स पेनसिल्व्हेनियातल्या बोलमन हॅट या १८६८ पासूनच्या कंपनीकडे. विणलेल्या टोप्यांचं काम मध्यंतरी चीनमध्ये गेलं होतं. बोलमनने २०१६ मध्ये ती जुनी विणकाम यंत्रं अमेरिकेत आणायचं ठरवलं, त्यासाठी लोकांकडून वर्गणी मागितली, आणि आयुष्यभर कँगोल घालणारे अभिनेते सॅम्युअल एल. जॅक्सन त्या मोहिमेचा चेहरा झाले. यंत्रं आली तरी प्रश्न सुटला नव्हता. ती चालवायला, बिघडली तर दुरुस्त करायला माणसं तयार करावी लागली. कँगोलची ५०४ ही टोपी शिलाईशिवाय विणली जाते, मग लोकर आटवून घट्ट केली जाते आणि साच्यावर आकार घेते. असलं काम कापड कापून टोप्या शिवणाऱ्या कुठल्याही कारखान्याला देता येत नाही. म्हणून कुणाला तशी टोपी हवी असेल तर कँगोलकडेच जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर समोर असतात दोन पक्ष. एक नावाचा धनी आणि दुसरा यंत्रांचा.

पैसा कसा वाटला जातो

समजा, एक टोपी दुकानात ५० डॉलरला विकली जाते. हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. स्ट्रीटवेअर ब्रँड ती टोपी बनवणाऱ्याकडून घाऊक दराने, समजा २५ डॉलरला घेतो. बनवणारा त्यातून कापड, मजुरी आणि वाहतूक भागवतो. संघाच्या चिन्हाचं मानधन सहसा घाऊक किमतीवर टक्केवारीने ठरतं. १२ टक्के धरले तर ३ डॉलर लीगकडे जातात. ब्रँड स्वतःच्या दुकानात टोपी विकतो, म्हणून वरचे २५ डॉलर त्याच्याकडे राहतात. त्यातून दुकानाचं भाडं, पगार, छायाचित्रं आणि न विकल्या गेलेल्या मालाचा तोटा निघायचा असतो.

या हिशोबात एक जागा बारकाईने पाहण्यासारखी आहे. न विकलेला माल कुणाच्या गळ्यात? ब्रँडने टोप्या आधी विकत घेतल्या असतील तर त्याच्या. आणि म्हणूनच तो थोड्याच मागवतो. सुप्रीमने हा थोडेपणा पद्धतशीर केला. हंगामात दर गुरुवारी थोडा नवीन माल यायचा, संपला की सहसा पुन्हा नाही. गिऱ्हाईक रांगेत उभं राहायचं. कमी माल हा सुरुवातीला पैशाच्या कमतरतेतून आलेला नाइलाज असतो, पुढे तोच ब्रँडचा रुबाब होतो.

संपलेली टोपी मग पुनर्विक्रीच्या बाजारात तिप्पट किमतीला मिळते. ५० ची टोपी १५० ला गेली तर वरचे १०० डॉलर ब्रँड, कारखाना, लीग यांपैकी कुणालाच मिळत नाहीत. अमेरिकेत कायदा इथे विकणाऱ्याच्या बाजूने आहे, कारण वस्तू एकदा रीतसर विकली गेली की ती पुढे विकण्यापासून ट्रेडमार्कचा मालक सहसा रोखू शकत नाही. तरीही ब्रँड यावर फारसे नाराज दिसत नाहीत. पुढच्या गुरुवारची रांग त्या १५० डॉलरच्या बातमीतूनच तयार होते. मला मात्र या बाजाराचं कौतुक करवत नाही. ज्यांच्यासाठी टोपी काढली ती स्केटबोर्डवाली मुलंच तिच्यापासून दूर राहतात.

जुन्या कंपनीला काय मिळतं? एका छोट्या ऑर्डरमधला नफा तिच्या दृष्टीने किरकोळ असतो. तिला तरुण गिऱ्हाईक हवं असतं, आणि धाडसी रंग किंवा कापड दुसऱ्याच्या जबाबदारीवर तपासून पाहायची संधी हवी असते. चाललं तर पुढच्या वर्षी तोच रंग तिच्या नेहमीच्या मालात दिसतो. स्पाइक लींच्या लाल टोपीचं असंच झालं होतं.

वारसा विकत मिळतो तेव्हा

जुन्या नावाचा आदर करताना थोडं सावध राहावं लागतं, कारण नावं हातोहात फिरतात. स्टार्टर ही कंपनी १९७१ मध्ये कनेक्टिकटच्या न्यू हेवनमध्ये सुरू झाली. १९८० आणि ९० च्या दशकांत तिची जाकिटं आणि मागे प्लास्टिकच्या बटणपट्ट्या असलेल्या टोप्या रस्त्यारस्त्यावर होत्या. १९९९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. २००४ मध्ये नाव नाइकीने घेतलं, २००७ मध्ये ते आयकॉनिक्स या केवळ ब्रँड सांभाळणाऱ्या कंपनीकडे गेलं. १९२४ पासूनची इंग्लंडची अम्ब्रो नाइकीकडून २०१२ मध्ये त्याच आयकॉनिक्सकडे गेली. १९०४ पासूनची फिलाडेल्फियाची मिचेल अँड नेस २००७ मध्ये आदिदासकडे होती, २०२२ पासून खेळांचा माल विकणाऱ्या फॅनॅटिक्सकडे आहे. स्ट्रीटवेअरचंही तेच. सुप्रीम २०२० मध्ये व्हीएफ कॉर्पोरेशनने सुमारे २१० कोटी डॉलरना घेतली आणि २०२४ मध्ये चष्म्यांच्या क्षेत्रातल्या एसिलोरलक्झोटिकाला १५० कोटींना विकली.

ब्रँड सांभाळणाऱ्या कंपनीकडे कारखाना नसतो. ती नाव भाड्याने देते. तिच्याबरोबर केलेल्या कोलॅबरेशनमध्ये जुनं नाव मिळतं, जुने साचे, जुनं कापड किंवा जुने हात मिळतीलच असं नाही. माल वाईटच निघतो असंही नाही. पण टोपीत वारसा किती आहे, हा प्रश्न तिथे सगळ्यात आधी विचारावा.

नावाची गफलत कुठवर जाते ते २०१८ च्या डिसेंबरात दिसलं. सॅमसंगने चीनमध्ये सुप्रीमबरोबर भागीदारी जाहीर केली. प्रत्यक्षात समोरचा पक्ष होता सुप्रीम इटालिया. न्यूयॉर्कच्या सुप्रीमशी काडीचा संबंध नसलेल्या या मंडळींनी दुसऱ्या देशात तेच नाव आधी नोंदवण्याची चाल खेळली होती. ट्रेडमार्कचा हक्क देशागणिक वेगळा असतो, आणि त्या फटीतून ते शिरले होते. टीका झाल्यावर सॅमसंगने २०१९ च्या फेब्रुवारीत ही भागीदारी सोडून दिली. पुढे २०२१ मध्ये लंडनच्या न्यायालयाने या उद्योगामागच्या पितापुत्रांना तुरुंगवास सुनावला.

चांगलं कोलॅबरेशन कसं ओळखायचं

माझी कसोटी एकच आहे. दुसरं नाव काढून टाकलं तर टोपीत काही कमी होतं का?

सुप्रीम आणि लाकोस्तने २०१७ मध्ये केलेली कॅम्प कॅप या कसोटीला उतरते. टोपीचा आकार सुप्रीमचा, स्केटबोर्डवाल्यांचा. कापड मात्र पिके, म्हणजे लाकोस्तच्या १९३३ पासूनच्या टेनिस शर्टाची ती खडबडीत, हवा खेळती ठेवणारी वीण. लाकोस्तचं मगरीचं चिन्ह काढलं तरी हात लावताच लाकोस्त ओळखू येते. याउलट नेहमीच्याच काळ्या टोपीवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं चिन्ह शिवलं, तर दोन चिन्हांपलीकडे घेणाऱ्याला काही मिळत नाही. अशा टोप्या खूप निघतात आणि त्याही विकल्या जातात, हे मला खटकतं, कारण त्यातून कारखान्यांना असा संदेश जातो की कसबावर खर्च करायची गरज नाही.

त्या कसबाची किंमत काही वर्षांपूर्वी दिसली. न्यूयॉर्क राज्यातल्या डर्बी गावात न्यू एराचा कारखाना होता. मेजर लीगच्या खेळाडूंच्या टोप्या तिथे बनत. २०१८ च्या नोव्हेंबरात कंपनीने तो बंद करायचं जाहीर केलं, २०१९ च्या मार्चमध्ये तो बंद झाला आणि दोनशेहून अधिक लोकांचं काम गेलं. ते काम फ्लोरिडाकडे हलवलं गेलं. टोपीवरचं नाव आणि मॉडेल क्रमांक तेच राहिले.

म्हणून टोपी हातात आली की आधी ती उलटी करावी. आतल्या शिवणींवरच्या फितीवर सहसा बनवणाऱ्याचं नाव असतं, घामपट्टीजवळच्या लेबलावर देश आणि कापड. लीगचं चिन्ह असेल तर अधिकृत मालावर चमकणारा होलोग्राम स्टिकर असायला हवा. मग पुढचं पान खालून पाहावं आणि बोटाने कपाळ दाबून आत बकरम आहे की नाही ते तपासावं. बाहेरचं भरतकाम सगळ्यात शेवटी.